आईची पाठ, दाजीची लाथ

जोहे, ११ जानेवारी २०२५

ताई,

"आणि ऑपरेशननंतर आई उठलीच नाय, तर तिचं कोण करणार?" असं विचारून तू फोन ठेवलास आणि माझा नंबर ब्लॉक केलास. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याच ओळीत कबूल करते, म्हणजे पुढचं न वाचता पत्र चुलीत घालायला तुला ते कारण उरणार नाही. मितेशचा टेम्पो गणपती घेऊन रोज रोह्याकडे जातो, तो तुझ्या हातात देईल. मी त्याला म्हटलं, बहिणीबहिणींचं आहे, वाचू नकोस. तर म्हणतो, "तुमचं भांडण अख्ख्या जोह्याला पाठ हाय, वाचायचं काय ऱ्हायलंय त्यात?"

आता ऐक. आईचा एमआरआय झाला. त्याआधी पेणला डॉक्टर एझ्रा रोहेकरांनी तिला तपासलं. तिच्या पावलाला त्यांनी सुई टोचली, तर आई त्यांना कारखान्यातल्या बिनडोळ्यांच्या गणपतींबद्दल सांगत बसली. डोळ्यांची आखणी करणाऱ्या दोघी सोडून गेल्यात, सगळे डोळे माझ्यावर आलेत, वगैरे. टोचलेलं तिला कळलंच नव्हतं. डॉक्टर टोचत टोचत वर आले. बेंबीच्या वर आल्यावर ती "आई गं" म्हणाली. तोवर डॉक्टर हसत होते, मग हसायचे थांबले.

गाठ आहे, ताई. पाठीच्या मधोमध. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो ना, त्याच्यावर एक आवरण असतं. त्या आवरणाच्या आत, मज्जारज्जूला खेटून, सुपारीएवढी गाठ. ती त्याला एका बाजूला दाबतेय. आईला आडवं पडलं की जास्त दुखतं आणि बसलं की बरं वाटतं, ते त्यामुळे. आपण म्हणत होतो, पाटावर वाकून बसते म्हणून दुखतं.

आणि गेल्या महिन्यात तू काय केलंस? माहेरपणाला आलीस, आई पाठ धरून बसलेली पाहिलीस आणि मला म्हणालीस, "मनू, पाय लाव." मी नाही म्हटलं. मी पायाळू जन्मले, डोक्याच्या आधी पाय बाहेर आले, एवढ्या एका अपघातावर कमरेत चमक भरलेलं अर्धं गाव आपल्या ओटीवर पालथं पडलंय. पाढे पाठ करता करता मी कोणाकोणाच्या कमरेत लाथा घातल्यात. वीज चमकायला लागली की मला घरात कोंडायचे, कारण पायाळूवर म्हणे वीज पडते. अकरावीला सायन्स घेतलं त्या दिवसापासून मी पाय लावणं बंद केलं, हे तुला माहीत होतं. तरी तू चिडलीस. आणि पलीकडच्या वाडीतून त्या दाजी पैलवानाला घेऊन आलीस. तोही पायाळू, वर आखाड्यातला. आईला उंबऱ्यावर पालथी घातलीत आणि त्याने तिच्या कमरेत लाथ मारली. आई ओरडली नाही. तू म्हणालीस, "बघ, ओरडली पण नाय. उतरली चमक!"

ती ओरडली नाही, कारण तिथे तिला नीट लागतच नव्हतं.

त्यानंतर तिची डावी चप्पल रस्त्यात राहायला लागली. ती पुढे जायची, चप्पल मागे. कारखान्यातल्या बाया हसायच्या, "रंभा, चप्पल काय उसनी आणलीस?" आईही हसायची. हे तुझ्या दाजीने केलं.

तू म्हणशील, शिकली आणि डोक्यावर बसली. म्हणतेसच. तू नववीतून शाळा सोडून कारखान्यात माती मळायला बसलीस म्हणून मी बी.एस्सी. झाले, हे वाक्य या घरात मी भाताबरोबर खाल्लंय. ते खरं आहे म्हणून प्रत्येक वेळी गिळलंय. पण त्या उपकाराच्या बदल्यात आईची पाठ मागू नकोस.

रोहेकर डॉक्टरांनी नवी मुंबईच्या एका सर्जन मॅडमचं नाव दिलंय. बुधवारी आईला घेऊन जातोय.

मनू


पेण, १८ जानेवारी

ताई,

शाळेतून लिहितेय, मधली सुट्टी आहे. बुधवारी काय झालं ते तुला बाबांकडून कळलंय, पण बाबांकडून कळणं म्हणजे काय ते आपल्या दोघींना माहीत आहे. म्हणून मी सांगते.

तू "पाठ फाडणं" म्हणतेस. पूर्वी जवळजवळ तसंच होतं, हे मॅडमनी स्वतःच सांगितलं. वीतभर चीर द्यायची, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवायचे, हाडाची कमान काढायची. माणूस त्या जखमेतून उठायलाच कित्येक दिवस घ्यायचा. आता कण्याच्या बाजूला दोन पेरांएवढी चीर देतात. स्नायू कापत नाहीत. आधी बारीक नळी घालतात, तिच्यावरून जरा मोठी, तिच्यावरून आणखी मोठी, असे स्नायूंचे धागे हळूहळू बाजूला सारत जातात. शेवटच्या नळीतून, सूक्ष्मदर्शकातून बघत, हाडाचा थोडासा भाग काढायचा, आवरण उघडायचं, गाठ सुटी करून बाहेर घ्यायची आणि आवरण पुन्हा शिवायचं. त्या पूर्ण वेळात पायांकडे जाणाऱ्या नसांवर एका मशीनचं लक्ष असतं. प्रत्येक गाठीला हे जमत नाही. आईची गाठ एका बाजूला आहे आणि फार लांबलेली नाही, म्हणून जमेल.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे साच्यातनं गणपती काढताना कान मोडू द्यायचा नाय, तसं."

मॅडम म्हणाल्या, "अगदी तसं. फक्त इथला कान लोण्यासारखा मऊ आहे."

गाठ बहुतेक साधी आहे, कॅन्सरची नाही. काढल्यावर तपासतील. आई चालेल. हे सगळं मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.

गुरुवारी बाबांनी फोन स्पीकरवर ठेवून तुला विचारलं, तेव्हा मी आतल्या खोलीत होते. तुला वाटलं असेल, मी घरात नाही.

"अनिता, तुझं काय म्हणणं?"

"माझं काय असणार, बाबा? माझ्या घरात पलंगावर काय पडलंय ते तुम्ही बघितलंय. पाठीचंच ऑपरेशन ते."

"मनू म्हणते, लहान चीर असते आता."

"मनूला काय जातंय? ती पर्स लटकवून शाळेत जाईल. हागणं-मुतणं काढायला अनिता! एक सासूचं काढतेय, दुसरं आयचं काढीन."

आई तिथेच तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "नको गो बाई. ऱ्हाऊ दे ते ऑपरेशन. हाय ते बरं हाय."

मग बाबांनी काय केलं? चहा संपवला, पिशवी उचलली आणि म्हणाले, "तुमचं दोघींचं एकमत झालं की सांगा, मग मी सुट्टी टाकतो." आणि गेले धरमतरला बार्जवर. भरती चुकली की बार्ज गाळात बसतो, हे बाबांना कोणी शिकवायला लागत नाही. आईची वेळ चुकतेय हे मात्र दोघी लेकींचं एकमत झाल्यावर त्यांना कळणार आहे! बायको कोणाची? आणि मतं कोणाची मोजायची?

तुझ्या सासूबाईंचं मला वाईट वाटतं. तू त्यांचं जे करतेस ते मी करू शकले नसते, हेही लिहून देते. पण एका बाईचं एक ऑपरेशन, तुझ्या लग्नाच्याही आधीचं, कुठलं, कसलं, कोणी केलेलं ते तुला माहीत नाही. आणि त्या एका गोष्टीवर तू आईला पाटावर बसवून ठेवणार. काल तिने विसण न घालता कढत पाणी पायावर ओतून घेतलं. घोट्याला केवढा फोड आलाय. तिला तो मी दाखवला तेव्हा दिसला.

घंटा झाली.

मनू


रोहा, २५ जानेवारी

ताई,

रोह्याच्या एसटी स्टँडवर बसलेय. पेणची गाडी अजून लागलेली नाही. हे पत्र इथूनच एखाद्या रिक्षावाल्याच्या हाती देणार होते, पण रिक्षावाले वाचतात. मितेशच बरा.

तू आज बाजाराला गेलीस तेव्हा मी वरशाला तुझ्या घरी आले होते. तू नसताना आले, मुद्दाम आले. दार नुसतं लोटलेलं होतं. मला तुझ्या सासूबाईंशी, धोंडुबाईंशी बोलायचं होतं.

"कोण गो?"

"मी मनस्वी. अनिताताईची बहीण."

"ती शिकलेली? ये, ये. अनिता बाजारात गेलीय, म्हणजे तू भांडायला आली नायस."

"तुमच्याशीच बोलायला आले, मावशी."

"मग आधी पाय लाव. आलीस ती आलीस."

मी म्हटलं, मी कोणाला पाय लावत नाही. तर म्हणतात, "अगो, इतकी वर्सं पडून हाय मी. तुझ्या पायानी आता आणखी काय पडणार हाय?" आणि स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. मी पाणी पाजलं. त्यांची चादर पाहिली, पाठीला लावायची पावडर पाहिली, उशाशी ठेवलेली घंटी पाहिली. एकही व्रण नाही त्यांच्या पाठीवर. हे सगळं तुझ्या हातचं आहे, माझ्या लक्षात आलं, आणि तरी मी ज्यासाठी आले होते ते विचारलं.

"मावशी, ऑपरेशनमुळेच ना तुमचे पाय गेले?"

"कोण सांगतं?"

"ताई."

"तिला काय ठावूक? ती तेव्हा या घरात आली पण नव्हती." मग मला जवळ बसायची खूण केली. "माझे पाय आधीच गेलेले गो. लावणीला गेले तर चिखलातनं पाय वर येईना. यांनी पायाळू आणला. मग दुसरा आणला, त्याचा पाय चांगला म्हणून. मग भगत. मी ढुंगणावर घसरत मोरीवर जायचे. मग एक दिवस खालचं काय कळेचना, तवा गाडी करून मुंबयला नेलं. तिथला डॉक्टर आमच्या म्हाताऱ्याला म्हणाला, इतके दिस काय करत होता?"

"मग घरात सगळे ऑपरेशनला का दोष देतात?"

"मग कोणाला देतील? म्हाताऱ्याला? पोरग्याला? ऑपरेशन काय उलटून बोलत नाय."

ताई, मी हे वाक्य एसटीत बसूनही विसरणार नाहीये. तुझ्या घरात एवढी वर्षं एक खोटं पलंगाशेजारी बसवून ठेवलंय, आणि त्या खोट्याच्या जोरावर तू माझ्या आईला घरी बसवते आहेस. मला इतका संताप आला की भावोजींना सांगतेच, असं मी म्हणाले. धोंडुबाई म्हणाल्या, "गप ऱ्हा हां तू. पोरगा शिफ्टवरनं येतो आणि रोज पाय दाबत बसतो माझे. मला कळत नाय दाबलेलं, तरी बसतो. त्याला आता कशाला?"

त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं आणि मी गप्प राहिलेली नाही. भावोजींना सांगायचं की नाही ते तू ठरव. पण तू त्यांना विचार. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, जा आणि तुझ्या सासूला विचार, की पाय आधी गेले का ऑपरेशन आधी झालं.

मी उठले तेव्हा त्यांनी माझा पदर धरला. ओढणी होती, त्यांच्या लेखी पदरच. "मला कोणी इचारलं नव्हतं, जायचं का ऱ्हायचं. सगळ्यांनी ठरवलं. तू तुझ्या आयशीला इचारलंस?"

मी म्हटलं, हो.

खरं म्हणजे मी आईला सांगितलंय, समजावलंय, चित्रं काढून दाखवलीत. विचारलेलं नाही.

गाडी लागली.

मनस्वी


जोहे, ३० जानेवारी

ताई,

मितेश सांगत होता, तू पत्र दारातच उभं राहून वाचलंस आणि त्याला पाणीही न विचारता दार लावलंस. परवा आईच्या फोनवर तुझा फोन आला होता. आई म्हणाली, "काय नाय, चप्पल अजून सुटते का, इतकंच इचारलंन." बाकी काय बोललात ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी आईला विचारलं. कारखान्यात गेले होते. तिच्यासमोर फूटभर उंचीचे पाचसात गणपती होते, सगळे बिनडोळ्यांचे. डोळा आखताना ती श्वाससुद्धा धरते, म्हणून मी बाहुली होईपर्यंत थांबले. मग म्हटलं, आई, तुला काय हवंय?

"इचारलंस एकदाची! मला वाटलं, तुम्ही दोघी कोर्टातच जाताय." ब्रश पाण्यात घातला. "मला काय हवंय? मला मोरीवर एकटीनं जायचंय. दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून नाय."

"मग जाऊया ना ऑपरेशनला."

"जाऊया. पण आधी तू पाय लाव."

मला वाटलं, मस्करी करतेय. नव्हती करत. मी तिथेच, सगळ्या बायांसमोर, तिच्यावर ओरडले. म्हटलं, मी आठवीच्या वर्गाला उभं राहून सांगते की पायाळू असण्याने पायात काही येत नाही. मूल पोटात कसं फिरतं ते फळ्यावर काढून दाखवते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई पाठ धरून आली होती, तिला मी दारातून डॉक्टरकडे पाठवली. आणि आता मी स्वतःच्या घरात लाथ घालू? मग मी शिकले कशाला? ताईने शाळा सोडली कशाला?

आई म्हणाली, "झालं बोलून? बस."

मग तिने मला माझ्या जन्माची गोष्ट सांगितली. तुला माहीत असेल, तू सात वर्षांची होतीस. मला एवढंच माहीत होतं की मी पायाळू. "पेणला नेलेली मला. तुझे पाय पहिले आले. ती नर्सबाई दुसरीला हळूच म्हणाली, डोकं अडकलं तर दोघी जातील. मी ऐकलं. आजी बाहेर रडत होती. मी म्हटलं, पाय आले ना, मग बाकीची पण येईल. भ्याले नाय मी. इतकं पण नाय." तिने नख दाखवलं. "आता भ्यालेय गो. त्या टेबलावर पालथं घालतील, मला काय दिसणार नाय, काय कळणार नाय. म्हणून तो पाय पाहिजे. तवा मला मारलं नाय त्या पायानी."

"मग दाजीचा कशाला घेतलास?"

"दाजीचा अनितासाठी घेतला. एवढी त्याला घेऊन दारात उभी राहिली पोर, तिला नाय कसं म्हणू?"

ताई, मी तरीही नाही म्हटलं. हे तू वाचशील तेव्हा हसशील, की एवढी आईची काळजी आणि एक पाय उचलवत नाही. पण तुला कळतंय का, मी पाय लावला आणि आई बरी झाली, तर गाव काय म्हणेल? मॅडमनी सूक्ष्मदर्शकात डोळे घालून काढलेली गाठ माझ्या तळव्याच्या नावावर जाईल. मग पाठीत गाठ असलेली पुढची बाई सरळ आपल्या ओटीवर येईल. आणि नाही बरी झाली, तर तू म्हणशील, इतक्या उशिरा लावलास. दोन्हीकडून मीच.

संध्याकाळी पाटावरून उठताना आईला दोघी बायांनी काखेत हात घालून उभं केलं. ती त्यांना म्हणाली, "माझी मुलगी शिकलेली हाय, तिच्या पायाला भाव आलाय."

बाया हसल्या. मी नाही हसले.

मनू


नवी मुंबई, ५ फेब्रुवारी

ताई,

आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. बाबाही आहेत. तुमचं एकमत झालं का, असं त्यांनी विचारलं नाही. मीच त्यांना सांगितलं, आईचं मत झालंय, सुट्टी टाका. मितेश आम्हाला टेम्पोतून सोडायला आला, आईला पुढच्या सीटवर उशा लावून बसवलं होतं. तो दुपारी रोह्याला निघेल, त्याच्या हाती हे देतेय. आई पलंगावर टेकून बसलीय आणि समोरच्या पलंगावरच्या बाईला उशाशी बसलेल्या बाबांबद्दल काहीबाही सांगून हसवतेय.

मी पाय लावला.

आधी मॅडमना फोन केला. शरम वाटत होती, तरी विचारलं. त्या म्हणाल्या, "लाथ अजिबात नको. दाबायचं पण नाही. नुसता पाय ठेवायला माझी हरकत नाही. घाबरलेल्या माणसाला पालथं घालायला मलाही आवडत नाही."

घरातच, चटईवर. मी पाय धुतले. आईने सांगितलं नव्हतं. ती पालथी झाली, मी भिंतीला हात टेकवून उभी राहिले आणि उजवा तळवा तिच्या कमरेवर ठेवला. भार सगळा डाव्या पायावर. आई वाट बघत होती. मग म्हणाली, "ठेवलास काय?"

"ठेवलाय."

"वर घे गो. तिथं मला कळत नाय."

मी पाय वर घेतला. आणखी वर. खांद्यांच्या मधे आल्यावर तिने श्वास सोडला. "हां. आता कळला." तिची पाठ माझ्या पायाखाली वरखाली होत होती. किती वेळ, मला माहीत नाही. मग ती म्हणाली, "पुरे. पिशवी भर आता."

मी मानते का? नाही मानत. वर्गात पुढेही तेच सांगणार आहे. घरी परतल्यावर ओटीवर कोणी पालथं पडलं तर त्यालाही तेच सांगणार आहे. पण आईला पाय लावला, आणि त्याची मला शरम वाटत नाही.

आता दुसरं. त्याच फोनवर मी मॅडमना दाजीच्या लाथेबद्दलही विचारलं. मला त्यांच्याकडून हवं होतं की लाथेनेच झालं. त्या म्हणाल्या, "लाथेने गाठ होत नाही. ही कित्येक वर्षं हळूहळू वाढत आलीय. चप्पल आधीपासूनच सुटत असणार, तुमच्या लक्षात आलं नसेल." म्हणजे माझ्याही लक्षात आलं नाही. मी त्याच घरात राहते. दाजी त्यातून सुटत नाही. अशा पाठीवर लाथ घालणं म्हणजे आधीच दबलेल्या नसेवर आणखी संकट, हेही त्या म्हणाल्या. पण मी तुला पहिल्या पत्रात जे लिहिलं तसं ते नव्हतं.

आणि "आई चालेल" हे मी तुला त्यांच्या नावावर लिहिलं. त्या असं म्हणाल्याच नव्हत्या. बाबांनी विचारलं होतं, लकवा तर नाही ना होणार, आणि त्या म्हणाल्या, "चालतील अशी मला आशा आहे. हमी देत नाही. काही जणांना ऑपरेशननंतर पाय आधी आणखी जड वाटतात, मग सुधारतात. क्वचित कोणाचे सुधारत नाहीत. थांबलो तर मात्र ते नक्की जातील." यातलं शेवटचं वाक्य मी घेतलं, पहिल्याचा अर्धा तुकडा घेतला आणि मधलं तुझ्यापासून ठेवून घेतलं. कारण ते मधलं ऐकलं की तू म्हणणार, बघ. तुझ्या सासरच्यांनी धोंडुबाईंच्या गोष्टीतलं आधीचं काढून टाकलं म्हणून मी एवढी भडकले, आणि मी काय करत होते?

माझा राग गेलेला नाही. तू मला ब्लॉक केलंस, दाजीला आणलंस, बाबांच्या फोनवरून आईला घाबरवलंस. तो राग मला ठेवायचाय. पण आईच्या पाठीची बातमी माझ्या रागातून गाळून तुझ्याकडे जायला नको.

कागदावर सही आईने स्वतः केली. बाबा करायला पुढे झाले तर म्हणाली, "माझी पाठ हाय ना? मग मी करते." अगदी सावकाश, आखणी करावी तशी. मग नर्सने विचारलं, नातेवाईकाचं नाव आणि फोन, ऑपरेशन झाल्यावर कोणाशी बोलायचं? मी तुझं नाव सांगितलं आणि तुझा नंबर दिला.

बाबा म्हणाले, "अगो, ती रोह्याला आणि तू हितं दारात!"

मॅडमनाही ते विचित्र वाटलं. मी त्यांना सांगितलं, मोठी मुलगी ती आहे, आईचं सगळं तिला विचारूनच होतं आणि आजारी माणसाचं कसं करायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिला अर्धं सांगू नका, वाईट असलं तरी सांगा, आणि ती विचारेल तेवढ्या सगळ्याची उत्तरं द्या. त्या बरं म्हणाल्या.

उद्या सकाळी आईला आत नेतील. मॅडम बाहेर आल्या की पहिला फोन तुला येईल. मी त्यांना काही विचारणार नाही, तसं त्यांना सांगून ठेवलंय. मी दाराशी बसलेली असेन, आणि काय झालं ते मला तुझ्याकडून कळेल.

मनू